सोनाबाईचा अंगठा

"सोनाबाई तू वाच," मॅडम म्हणाल्या. "आणि नुसतं वाचू नकोस. रड. तुला जमेल ते."

मी खाली सतरंजीवर बसले होते. बाकीचे सात जण खुर्च्यांवर. सगळ्यांच्या हातात सारखीच पानं, एका न छापलेल्या कादंबरीचं सहावं प्रकरण. लेखक कर्नाटकात मोठ्या हुद्द्यावर नोकरी करून निवृत्त झालेले, आता पुण्यात राहणारे. काही वर्षं ते आमच्या बीदर जिल्ह्यातही होते. कादंबरी त्याच दिवसांची.

प्रकरण असं होतं. सोनाबाई नावाची वस्तीतली एक म्हातारी. तिचा मुलगा दुसऱ्याच्या शेतात विहीर खोदताना दबून मरतो. ती साहेबांच्या बंगल्यावर येते. पायरीवर आडवी होते. डोळ्यांतल्या पाण्यातून तिला साहेबांचे चकचकीत काळे बूट दिसतात. मग ती बोलते. ते बोलणं माझ्या वाट्याला आलं होतं.

"सायेब, तुमीच आमचं द्येव. आमी किडामुंगी. तुमच्या पायाची धूळ."

मी सरळ वाचलं. मॅडमनी हात वर केला.

"बातम्या वाचतेयस का? तुमच्याकडं बायका कशा रडतात? तसं."

तुमच्याकडं.

मी तसं केलं. गळा काढला. हेल काढला. 'द्येव' या शब्दावर आवाज फाटू दिला. एका मुलानं मोबाईल समोर धरला होता. संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या. मृण्मयी नेहमी निवेदन वाचायची, कारण तिचे उच्चार स्वच्छ होते. ती म्हणाली, "अंगावर काटा आला गं."

मॅडमनी ते रेकॉर्डिंग तिथूनच लेखकांना पाठवलं. चहा होईपर्यंत त्यांचा आवाज मोबाईलमधून आला. स्पीकरवर. "व्वा! साक्षात तीच बाई उभी राहिली. कुठं सापडली तुम्हाला ही मुलगी?"

मॅडम मोबाईलमध्ये बोलल्या, "बीदरची आहे, सर. एकदम ओरिजिनल."

सगळे हसले.

मीही हसले. आता हे लिहिताना हेच वाक्य सगळ्यात जड जातंय. मीही हसले.

*

मला संपादक व्हायचं होतं. कथा-कादंबऱ्यांची. कुठल्या कचेरीत बसून नव्हे. आपल्या गावी राहून, आलेलं हस्तलिखित वाचायचं, त्यातलं निसटलेलं शोधायचं, लेखकाला प्रश्न विचारायचे. लाजऱ्या माणसाला याहून चांगलं काम नाही असं मला वाटायचं. तोंड उघडावं लागत नाही. समासात लिहायचं. लेखक तिकडं, मी इकडं, मध्ये पान.

मॅडमचा अभ्यासवर्ग सहा महिन्यांचा होता. महिन्यातून दोन दिवस पुण्यात त्यांच्या घरी, बाकी ऑनलाइन. शेवटी त्या प्रकाशकांना एक यादी पाठवायच्या. यादीत नाव आलं की हस्तलिखितं यायला लागतात. नाही आलं तर तुम्ही घरी बसून वाचणारी एक मुलगी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हे सहा महिने दिले होते. ते सरकारी कन्नड शाळेत शिक्षक. "सहा महिन्यांत काही झालं तर झालं," म्हणाले. "न्हाई तर बी.एड.चा फॉर्म भर." त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. आमच्या घरात शिक्षक होणं हीच आत्तापर्यंतची सगळ्यात उंच पायरी होती. मी त्या पायरीवरून भलतीकडंच बघत होते.

पहिल्या दिवशी ओळख झाली. मॅडमनी माझा अर्ज हातात घेतला.

"इंग्लिश मीडियम? बीदरला?" त्यांनी भुवया उंचावल्या. "अरे वा. आणि हे आडनाव... तुमच्यात गावावरून आडनावं लावतात ना? त्यामुळं काही पत्ता लागत नाही."

कसला पत्ता, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तिथल्या सगळ्यांना कळलं, मलाही कळलं, आणि आम्ही सगळे पुढच्या माणसाकडं बघायला लागलो.

मग वाचन सुरू झालं. मॅडमची पद्धत होती: संपादन करण्याआधी प्रकरण एकदा मोठ्यानं वाचायचं. एकानं निवेदन, बाकीच्यांनी पात्रं. खोटं वाक्य डोळ्यांना फसवतं, कानाला फसवत नाही, असं त्या म्हणायच्या. ते खरं आहे. मॅडमना काम येत होतं. कुठल्या पात्राला कुठल्या पानावर काय ठाऊक आहे याची वही कशी ठेवायची, लेखकाचं वाक्य न बदलता त्याला प्रश्न कसा विचारायचा, ते मी त्यांच्याकडूनच शिकले. ते नाकारून मला काही मिळवायचं नाही.

त्या पहिल्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी उठले, बेसिनवर हात धुतले, चपला दाराबाहेर होत्याच, आणि येऊन खाली सतरंजीवर मांडी घालून बसले. पानं समोरच्या छोट्या टीपॉयवर ठेवली. विचार न करता. मोठ्यानं वाचायचं म्हणजे असंच बसायचं, हे मला पाचवीपासून अंगात भिनलेलं.

सगळ्यांनी पानांवरून माना वर केल्या.

"अगं, खाली का?" मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा मऊ झाला. ती मऊ नजर मी शाळेपासून ओळखते. "बरं, असू दे. बैस तिथंच. सवय असेल. बघा रे, केवढी नम्रता आहे."

मला सांगायचं होतं की ही नम्रता नव्हे. वाचणाऱ्याची जागा आहे ती. पण सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा खुर्च्या मांडून ठेवलेल्या होत्या. मोजल्या. सात. आणि भिंतीपाशी माझी सतरंजी, नीट घडी उलगडून.

त्या दिवसापासून मोलकरीण मी वाचली. शेतमजूर मी वाचली. दारू प्यायलेल्या नवऱ्याचा मार खाणारी बाई मी वाचली. डॉक्टरीणबाई, प्राध्यापिका, प्रेमात पडलेली मुलगी खुर्च्यांवर वाचल्या गेल्या. आणि चौथ्या महिन्यात सोनाबाई आली.

*

आमचं गाव हुलसूरच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. गावाच्या कडेला आमची वस्ती, वस्तीत विहार. दर वर्षी आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने बौद्धांचा पावसाळ्यातला वर्षावास. रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. शेतातून आलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरी साडी नेसून येतात. चौरंगावर ग्रंथ, वाचणारा खाली, ऐकणारे खाली. खुर्चीचा प्रश्नच नाही.

मी पाचवीत होते तेव्हा वाचणारे गुरुजी बदली होऊन गेले आणि ते काम माझ्याकडं आलं. माझी शाळा इंग्रजी, दुसरी भाषा कन्नड. देवनागरी मला हिंदीच्या पुस्तकानं दिलेली. मी एकेक अक्षर लावत वाचायची. मागची पोरं खुसखुसायची. तेव्हा आत्यानं, अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, मागं वळून त्यांना सुनावलं होतं, "हसू नगा रे भाड्यांनो. हळू वाचायली ते बरंच हाय. आमाला कळायलंय तरी."

आत्याला अक्षर येत नाही. पण ग्रंथ ऐकायची तिची एक रीत होती, आणि तिच्यामुळं सगळ्या बायांची. वाचणाऱ्याला मध्येच थांबवायचं.

"थांब. ह्ये कोण बोलायलंय?"

"थांब. त्यो मानूस आत्ता बसल्याला हुता. उठला कवा?"

"थांब. परत वाच."

आणि वाचणाऱ्यानं थांबायचं. परत वाचायचं. कळेपर्यंत पुढं जायचं नाही. एकेका पानाला एकेक संध्याकाळ गेलेली मला आठवते. कुणाला घाई नव्हती. पिढ्यानपिढ्या आमच्यापुढं कुणीतरी काहीतरी वाचलं आणि आम्ही मान हलवली. आता मान हलवायच्या आधी विचारायचं, असं काही कुणी बोलून ठरवलं नव्हतं. पण तसं होतं.

मॅडमच्या घरी नियम उलटा होता. वाचताना कुणी थांबायचं नाही, कुणी थांबवायचं नाही. शंका शेवटी, लेखी, मॅडममार्फत.

चौथ्या महिन्यानंतर मी गावी गेले ती आषाढ पौर्णिमेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याच्या अंगणात बसले होते. ती तूर पाखडत होती.

"पुन्याला काय शिकायलीस ते मला तर वाचून दाव," ती म्हणाली. "का इंग्रजीत हाय?"

"मराठीतच आहे."

का वाचलं कुणास ठाऊक. दुसरं प्रकरण वाचता आलं असतं. पिशवीत तेच वर होतं. मी सहावं प्रकरण वाचायला सुरुवात केली. सुपाचा आवाज चालू होता. विहीर आली, दबलेला मुलगा आला, तेव्हा सूप थांबलं. मला तेव्हा कळलं मी काय करतेय. पण तिनं थांब म्हटलं नाही, म्हणून मी थांबले नाही.

आत्याचा एकुलता एक मुलगा मिलिंददादा. मी सातवीत असताना तो विहिरीच्या कामावर गेला आणि कड ढासळून त्यात गेला. हा प्रसंग त्याचाच होता का, मला माहीत नाही. विहिरीत गेलेली पोरं आमच्या भागात एकच नाहीत.

मी साहेबांच्या बुटांपर्यंत आले.

"थांब," आत्या म्हणाली. "परत वाच."

परत वाचलं. तिच्या डोळ्यांतल्या पाण्यातून तिला साहेबांचे चकचकीत काळे बूट दिसतात.

"ह्ये कोण बगायलंय?"

"सोनाबाई."

"न्हाई." सूप तिनं बाजूला ठेवलं. "लेकरू मेलेल्या बाईला बूट कशाला दिसतेत गं? ते बूट त्येचे त्यालाच दिसायलेत. म्होरं वाच."

मी पुढचं वाचलं. तुमीच आमचं द्येव. आमी किडामुंगी. हळू आवाजात, भराभर.

"थांब. आन् ह्ये कोण बोलायलंय?"

"तीच."

"ही बाई न्हाई बोलायली. सायेबच बोलायलाय, बाईचा आवाज काडून. पोरगं कुटं गेलं हिच्या बोलन्यातलं? नाव तर घितलं का तिनं पोराचं?"

मी पान बघितलं. अडीच पानांचं रडणं. मुलाचं नाव एकदाही नव्हतं. चार वेळा ते प्रकरण मी वाचलं होतं, वही भरली होती, कुणाच्या अंगावर कुठल्या रंगाचं लुगडं हेसुद्धा लिहून ठेवलं होतं. हे दिसलं नव्हतं.

"कोन वाचलं तितं हे? मोट्यानं?"

"मी."

"रडून?"

"व्हय."



"आन् कुनीच थांबिवलं न्हाई?"

"तिथं थांबवायचं नसतं, आत्या."

"तू तर कामून थांबली न्हाईस?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं सूप परत उचललं.

*

उत्तर होतं. तिला ते ठाऊक होतं. मिलिंददादाच्या वेळीच ठाऊक झालं होतं.

दादा गेल्यावर पंधरा दिवसांनी एका कचेरीतून बोलावणं आलं. अण्णा आजारी होते, म्हणून आत्याबरोबर मी गेले. शाळेचा गणवेश घालून; तो घातला की लोक नीट बोलतात असं मला वाटायचं. तिथल्या कारकुनानं एक कन्नड कागद पुढं केला आणि शाईची डबी उघडली.

"इथं अंगठा लाव, अक्का. लगेच काम होतंय."

"काय लिवलंय?" आत्यानं विचारलं.

"तुझ्याच फायद्याचं. लाव."

"माझी पोरगी वाचती," आत्या म्हणाली आणि कागद माझ्या हातात दिला.

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. नाव. गाव. वय. तारीख. मग एक ओळ आली: मयत हा स्वतःच्या हलगर्जीपणामुळे पडून मेला, याबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. कारकून माझ्याकडं बघत होता. ज्यांची विहीर होती ते मागच्या बाकावर बसलेले. मी बारा वर्षांची होते. ती ओळ मी गिळली. वरच्या ओळीवरून सरळ खालच्या ओळीवर गेले. आवाज जराही न बदलता.

"थांब," आत्या म्हणाली.

मी थांबले.

"मदी कायतर गिळलीस. परत वाच."

तिला कन्नड वाचता येत नव्हतं. कुठलंच वाचता येत नव्हतं. माझा श्वास तिनं ऐकला असावा. मी परत वाचलं. त्या ओळीसकट.  आत्यानं माझ्या हातातून कागद घेतला, त्या ओळीकडं बघत उभी राहिली, कुठली ओळ ते मला बोटानं दाखवायला लावलं, आणि मग म्हणाली, "मिलिंद त्याच्या चुकीनं मेला न्हाई. ही वळ काडा. मग अंगठा."

"म्हातारे, तुला कळतंय का काही?"

"ऐकू यायलंय मला."

ती रडली नाही. कुणाच्या पायाशी गेली नाही. बाकावर कोण बसलंय, कुणाच्या पायात काय आहे, तिनं बघितलंही नाही. कागदाकडं बघत होती. अंगठा तिनं मुठीत धरला होता, चार बोटांच्या आत, लहान लेकरं धरतात तसा.

वर्षभर तो कागद हलला नाही. मग दुसरा आला, त्यात ती ओळ नव्हती. तोवर विहीर बांधून झाली होती. तिच्या पाण्यावर ऊस उभा होता.

येताना बसमध्ये मी आत्याला म्हटलं होतं, पुन्हा नाही गिळणार. बारा वर्षांच्या पोरीनं दिलेला शब्द. आणि मी चार महिने पुण्यात सतरंजीवर बसून गिळत होते. गळा काढून गिळत होते.

*

सहाव्या महिन्याच्या शेवटच्या बैठकीला लेखक स्वतः आले. उंच, देखणे, बोलायला गोड. मॅडम म्हणाल्या होत्या, सरांना ते प्रकरण प्रत्यक्ष ऐकायचंय. शेवटचं वाचन, मग हस्तलिखित छपाईला. आणि त्या संध्याकाळीच यादी.

म्हणजे मला एवढंच करायचं होतं: अडीच पानं रडायची.

खुर्च्या आठ होत्या. आठवी सरांची. मी हात धुतले, सतरंजीवर बसले. या वेळी मुद्दाम. पानं टीपॉयवर ठेवली.

मृण्मयी निवेदन वाचत होती. बंगला. पायरी. डोळ्यांतलं पाणी. बूट.

"थांब," मी म्हणाले.

माझा आवाज फार मोठा नव्हता. पण ती थांबली.

"परत वाच."

गोंधळून तिनं ते वाक्य परत वाचलंसुद्धा. मग मॅडमकडं बघितलं.

"काय चाललंय?" मॅडम म्हणाल्या. "नियम माहीत आहे ना?"

"हे बूट कोण बघतंय?" मी विचारलं. मी हात मांडीखाली घेतले. "सोनाबाई बघत नाही. तिचा मुलगा मेलाय. आणि अडीच पानांत ती मुलाचं नाव एकदाही घेत नाही. हे तिचं बोलणं नाही. साहेबांना जे ऐकायचंय ते आहे."

सर हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. "बाळ, मी स्वतः पाहिलंय हे. चार वर्षं होतो मी त्या जिल्ह्यात."

"मीही पाहिलंय. तुम्ही बाईला बघितलं असेल. बाई काय बघत होती ते तुम्हाला माहीत नाही."

"काय बघत होती?"

मी सांगायला नको होतं. सांगितलं. "कागदाकडं. अंगठा लावायचा होता त्या कागदाकडं. तो परत वाचायला लावत होती."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि काहीतरी टिपलं. ते पेन मला अजून दिसतं.

"तुझी भावना मी समजू शकतो—"

"भावना नाही, सर. प्रश्न आहे. समासातला. मी फक्त मोठ्यानं विचारला."

मॅडमचा आवाज थंड झाला. "तू इथं संपादन शिकायला आलीस. साक्ष द्यायला नाही. पुढचं वाच."

"नाही वाचणार."

"मग सोनाबाई कोण वाचणार?"

मी टीपॉयवरची पानं उचलली, उठले आणि सरांच्या पुढ्यात धरली.

"ज्यांनी लिहिलंय त्यांनी वाचावं. आणि रडावं. जमेल त्यांना."

कुणी हसलं नाही. सरांनी पानं घेतली नाहीत. मृण्मयी मान खाली घालून स्वतःच्या पानाचा कोपरा दुमडत होती. मी पानं त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली, सतरंजीची घडी घातली, भिंतीला लावून ठेवली. बाहेर चपला घालताना मॅडमचं बोलणं ऐकू आलं. "कितीही करा यांच्यासाठी."

*

यादीत सात नावं होती. मला हजेरीचं प्रमाणपत्र आलं.

अण्णांनी बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला.  मी भरला. भरताना रडले, आणि त्या रडण्याला कुणी टाळी दिली नाही.

हिवाळ्यात कलबुर्गीला परीक्षेच्या कामाला गेले होते. तिथल्या एका दुकानात मराठी पुस्तकांचं एकच कपाट. त्यात ती कादंबरी होती. मी उभ्या-उभ्या सहावं प्रकरण काढलं.

बूट गेले होते.

सोनाबाई कागदाकडं बघत होती. मुलाचं नाव घेत होती. "परत वाचा, सायेब," म्हणत होती. ते एक वाक्य मी परत वाचलं. मग पान उलटलं. साहेब तिला कागद परत वाचून दाखवतात, प्रेमानं समजावतात. तिला पटतं. ती डोळे पुसते. अंगठा लावते. आणि पायाशी वाकते.

पुस्तकाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश होता. मॅडमचं नाव, सात जणांची नावं. शेवटी एक ओळ: सोनाबाईला आपला आवाज देणाऱ्या सीमाभागातील एका निरागस मुलीचाही मी ऋणी आहे.

पुस्तक विकत घेतलं. गावी नेलं. आत्याला वाचून दाखवलं. ती ऐकत होती. कागद आला तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं हे कुठून गेलं. अंगठ्यापाशी तिनं हात वर केला.

"थांब."

थांबले.

"लावला व्हय गं तिनं?"

"लावला."

"खोडता येतंय का?"

"छापलंय, आत्या."

"मंग तू शिकलीस ते काय?"

त्या प्रश्नाला मी तिथंच, तिच्या अंगणात बसून उत्तर दिलं. लाल पेन काढलं. छापलेल्या पानाच्या समासात मी पहिला प्रश्न लिहिला, मॅडमनी शिकवला तसा, लेखकाचं एकही वाक्य न बदलता: अंगठा इथं कुणी लावला? दुसरा: कागदात नेमकं काय लिहिलं होतं, ते वाचकाला का सांगितलेलं नाही? एकोणीस प्रश्न झाले. शेवटच्या पानावर माझं नाव, गाव, आणि खाली 'संपादक' असं लिहिलं. कुणी दिलेलं नाही ते. मीच लिहिलं. प्रत रजिस्टर पोस्टानं लेखकांना पाठवली. दुसरी प्रत घेतली, तेच प्रश्न लिहिले, प्रकाशकांना पाठवली.

उत्तर आलेलं नाही. येईल असं धरूनही चालत नाही मी.

एका नवख्या लेखिकेची कादंबरी आता माझ्याकडं आली आहे, यादीशिवाय. तिला पहिल्याच मेलमध्ये लिहिलं: मी खाली बसून मोठ्यानं वाचते, समोर वाचता न येणाऱ्या बाया असतात, त्या थांबवतात. चालणार असेल तर पाठवा. तिनं पाठवली. दुसऱ्या एकाला तेच लिहिलं, त्यानं पाठवली नाही. दोन्ही ठीक. बी.एड.ही चालू आहे. मी शाळेत शिकवीन आणि हे काम करीन, आणि परत कधी कुणाच्या घरी सोनाबाई वाचणार नाही.

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघेल. खपतेय म्हणे. तिसरीही निघेल. प्रत्येक आवृत्तीची एक प्रत मी विकत घेईन, सहाव्या प्रकरणात तेच एकोणीस प्रश्न लिहीन आणि लेखकांना पाठवीन. ते असेपर्यंत. मी असेपर्यंत. मला ऋणनिर्देशात नाव नको.

अंगठा परत पाहिजे.